सरडेकाका

बंगळुरूच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीची वर्गणी कुरकुर न करता देणारे गृहस्थ एकच, आणि पंगतीत त्यांच्याच शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी. पानात मसालेभात पडतो न पडतो तोच काका विचारतात, “मुंग्या किती खातो, कल्पना आहे?” कोण, ते सांगायची गरज नसते. काकांच्या वाक्यात कर्ता कायम सरडाच. तोही बागेतला नव्हे. नंदी टेकड्यांच्या, रामनगरच्या ग्रॅनाइटवर राहणारा खडकसरडा. मुख्य आहार मुंग्या, जोडीला वाळवी, भुंगेरे, अळ्या. शिकारीमागे फार धावायचं नाही. बसून राहायचं, टप्प्यात आली की झडप.

मग खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी निघते. आत वाळलेली लेंडी, एका टोकाला पांढरी. “पांढरं ते युरिक ॲसिड. त्याची लघवी अशी घट्ट, पाण्याची बचत!” टाचणीनं लेंडी उकलून काका भिंगाखाली मुंगीचं अख्खं डोकं दाखवतात. पानात तीळकूट असेल तर ते तसंच राहतं.

बँकेच्या गृहकर्ज विभागात जन्म गेल्यामुळे सरड्याची जागाही ते त्याच नजरेनं तपासतात. उंच शिळा हवी, चौफेर नजर पोचली पाहिजे, ती नराची. माद्या जरा खालच्या दगडांवर, मातकट ठिपक्यांत बेमालूम. पळायला आणि रात्री झोपायला फट हवी, तीही अरुंद. अंडी मातीत घालायची, म्हणून शेजारी भुसभुशीत माती. झुडूप नाही? मग किडे कुठले? प्रकरण नामंजूर!

उन्हाळ्यात मंडळाची सहल रामनगरला गेली. ‘शोले’ (१९७५) तिथलाच, त्यामुळे गब्बर नेमका कुठे बसायचा यावर मंडळी हमरीतुमरीवर आलेली. काका तापल्या खडकावर पालथे. समोर नर. मादी दिसली की त्याची पाठ लाल, कुशी काळ्या. दुसरा नर आला की पाठ पिवळी, कुशी नारिंगी. बायकांना नीट कळावं म्हणून काकांनी त्याच्यासारखे दंड काढून दाखवले. तिसऱ्याला कंबर धरली. राखणदार धावत आला, कानडीत म्हणाला, “ओतिक्यात, सार?” म्हणजे ‘सरडा का, साहेब?’ आणि पलीकडच्या शिळेवर याहून मोठा आहे म्हणून काकांना हाताला धरून घेऊन गेला. बसमध्ये त्याचीही एक इडली राखून ठेवायला लागली.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण कुणी उच्चारलीच, तर काका उसळतात. “कुंपण त्यानं घातलंय? बिल्डरनं घातलंय! आतला खडक सुरुंगानं फोडला, उरलेल्या दगडावर तो बसलाय, वर तुम्ही त्यालाच हसता!”

आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, ते पूजेला नमस्कार करून थेट स्वयंपाकघरात. करोनात घेतलेली ताप मोजायची बंदूक त्यांनी ग्रॅनाइटच्या ओट्यावर रोखली. “सव्वीस,” म्हणाले, “आणि फट एकही नाही.” हिनं प्रसाद पुढे केला. काकांनी द्रोण घेतला, ओट्याखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “मुंग्या तरी येतात का?”