अस्सल शेतकऱ्याच्या शोधात

फाल्गुन सरत आला की कामठीच्या बाजारात एक काकाजी हमखास भेटतात. एक म्हणजे एकच नव्हे, दर चार दुकानांमागे एक. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रातून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेले, डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, हातात दोन कापडी पिशव्या आणि मनात एकच व्रत: माल घेईन तर शेतकऱ्याकडूनच, दलालाच्या हाती छदाम पडू देणार नाही. 2016 साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून तर तो निर्णय आपल्याला विचारूनच झाला असा त्यांचा चेहरा असतो.

अडचण एवढीच की शेतकरी ओळखायचा कसा. पहाटे कळमन्याच्या बाजारातून माल उचलून इथं दुकान मांडणारेही त्याच ओळीत, तशाच पोत्यावर बसतात. म्हणून काकाजी आधी उलटतपासणी घेतात.

“कैसे दिये?” सुरुवात हिंदीत. विचारणारा मराठी, सांगणारा मराठी. पण कामठी पडली 1821 पासूनची छावणी, परक्याशी बोलायची सवय गावाच्या हाडात आहे. भाव कानावर पडला की दोघंही मराठीवर येतात.

“चालीस? काऊन बाप्पा, सोनं लावलं का वांग्याले?”

“घ्या ना जी काकाजी, वावरातला माल हाय.”

“गाव कोणतं? ओलीत का कोरडवाहू? पेंचचा कालवा येते का तिकडं? वावर कोणाच्या नावानं हाय?”

सातबारा तेवढा मागायचा राहतो. एका बाईला त्यांनी “हात दाखव, घट्टे पाहू दे” म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “भविष्य सांगता का भाजी घेता?” काकाजींनी मुकाट्यानं अर्धा किलो चवळीच्या शेंगा घेतल्या.

संत्र्यापाशी त्यांचा मुक्काम लांबतो. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यांना पाठ आहे, आणि ते संत्रेवाल्याला ऐकवल्याशिवाय ते फळाला हात लावत नाहीत. मग सालीवरून अंगठा फिरवून गंभीरपणे विचारतात, “आंबिया का मृग?”

“काकाजी, आंबिया त डिसेंबरातच आटोपला. आता झाडावर त्याचा फूल हाय. हा मृगाचा.”

“तेच म्हणतो मी,” काकाजी म्हणतात. पावसाच्या तोंडाशी फुललेला मृग बहार फेब्रुवारी-मार्चात उतरतो, हे त्यांना खरोखरच माहीत असतं. पण परीक्षकानं आपलं उत्तर आधी सांगायचं नसतं.

शेतकरी ओळखायची त्यांची शेवटची कसोटी म्हणजे माती. पालकाच्या मुळाला चिखल, मुळ्याला चिखल, विकणाऱ्याच्या धोतराला चिखल. जितका चिखल जास्त तितका माल अस्सल. हे बाजारानं केव्हाच हेरलं आहे. कळमन्याहून जुड्या आणणारा एक पालकवाला मला मिस्कीलपणे म्हणाला, “धुतली का काकाजी घेत नाही जी. म्हणून मी धुतच नाही.” काकाजी चिखलाचे पैसे पालकाच्या भावानं मोजून घरी जातात.

त्याच्याच शेजारी पारशिवनीकडचा एक पोरगा उभा असतो. जीन्स, पायात बूट, मोटरसायकलीला बांधलेले दोन क्रेट, पुढ्यात क्यूआर कोडचा पुठ्ठा. रात्री वीज आली म्हणून भर थंडीत ओलीत करून यानंच ही टमाटरं पिकवलेली. काकाजी त्याच्याकडे एक नजर टाकतात आणि मला हळूच सांगतात, “हा दलाल. बूट पाहा.”

पण समजा, अस्सल शेतकरी सापडलाच. गाव जुळलं, कालवा जुळला, हाताचे घट्टे जुळले. तर त्याचा गौरव होईल असं कोणालाही वाटेल. छे! खरी गंमत तिथून पुढं आहे.

“शेतकरीच ना तू? मग तुले काय इकत घ्या लागलं? तुह्या घरचंच त हाय. वीस लाव.”

बियाणं, खत, रात्रीचं जागरण, मोटरसायकलीचं पेट्रोल सगळं या एका वाक्यात माफ. व्यापाऱ्याला खरेदी असते हे काकाजींना मान्य आहे. शेतकऱ्याला ती असते हे त्यांच्या गणितात बसत नाही. मुरलेल्या विक्रेत्यांनी यावर तोड काढली आहे. गिऱ्हाईक थांबेपर्यंत ते शेतकरी असतात. भाव सुरू झाला की म्हणतात, “नाही जी, मीही इकतच आणलं. अठ्ठावीसची खरेदी हाय.” काकाजी फसवणुकीबद्दल दोन शब्द सुनावतात आणि तीस देतात.

मेट्रिक वजनं 1962 पासून सक्तीची आहेत, पण काकाजींचं “एक पावशेर” अजून चालू आहे. काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून त्यांची मोठी पंचाईत झालीय. दांडीकडे रोखून पाहायची सोय गेली. आता ते आकड्याकडेच संशयानं पाहतात आणि नुकसानभरपाई म्हणून सांभाराच्या चार काड्या वरून घेतात. भिवापुरी मिरचीपाशी एक मोडून हुंगतात, शिंकतात, आणि शिंकेच्या जोरावरून वर्षाचं तिखट ठरवतात. ही कसोटी मात्र खरी, हे मान्य करायला हवं.

घरी काकू पिशवी उलटी करतात. चार वस्तू आणायला सांगितल्या होत्या. त्यांतल्या दोन नाहीत, आणि स्वस्त मिळाल्या म्हणून तीन किलो कैऱ्या आहेत. “शेतकऱ्याच्या आहेत,” काकाजी म्हणतात. काकू पालकाचा चिखल तीन पाण्यांनी धुतात, आणि राहिलेल्या दोन वस्तू दारावर आलेल्या ठेलेवाल्याकडून घेतात. त्याला त्या कधी गाव विचारत नाहीत.

काकाजींना नावं ठेवू नका. मृगाची संत्री संपायच्या आत एखाद्या सकाळी कामठीला जा आणि दुपट्टा बांधलेला, विकणाऱ्याला कालव्याचं विचारणारा माणूस शोधा. त्याच्या मागे शांतपणे उभे राहा. भाव पडला की तोच भाव तुम्हीही मागा. आणि टमाटरं मात्र त्या बूटवाल्या पोराकडूनच घ्या.