गाजरआजोबा

पहिला मोठा पाऊस पडून दोन दिवस झाले, की सकाळी सातला आमच्या रस्त्याच्या कडेला कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसतं. नाकावर पंच्याची घडी, उजव्या हातात ब्रेडची रिकामी पिशवी हातमोज्यासारखी चढवलेली. हे अप्पा. सोसायटीतली पोरं त्यांना गाजरआजोबा म्हणतात. गाजराशी त्यांचा संबंध एवढाच, की गाजरगवत दिसलं की त्यांचं डोकं फिरतं.

असे अप्पा आता गल्लोगल्ली आहेत. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गुडघे शाबूत, आणि गॅलरीतल्या कुंड्या बायकोच्या ताब्यात. मग उरतो तो फुटपाथ आणि डांबर यांच्यामधला हातभर मातीचा पट्टा. तो कुणाचाच नसतो, म्हणून अप्पांचा.

उपटण्याची त्यांची पद्धत ठरलेली. माती ओली हवी. गवत फुलावर यायच्या आत, जमिनीलगत मान पकडायची, अर्धा पीळ द्यायचा आणि सरळ वर. मूळ अख्खं आलं, तर ते उजेडाकडे धरून दाढ काढल्यासारखं निरखतात, मग चपलेवर आपटून माती झाडतात. मधेच तुटलं, तर दुपारपर्यंत घरात कुणाशी बोलत नाहीत. त्या गवताने त्यांच्या मनगटाला खाज येते. त्वचेच्या डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलंय. अप्पा लांब राहतात, डॉक्टरांपासून.

अप्पा मूळचे पुण्याचे. "हे गवत देशात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं कुठे? पुण्यात! 1955 साली!" हे ते अशा सुरात सांगतात, की लाज वाटून घ्यावी की अभिनंदन करावं, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. पुण्याहून इकडे आलेल्या दोघांत गवत आधी रुळलं, एवढं खरं. पुढे मग अमेरिकन गहू, पीएल 480 चा करार, त्या पोत्यांतून आलेलं बी, अशी कथा रंगते. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी मधेच टोकलं, "अहो अप्पा, आपला तो करार 1956 चा." अप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे बघा मास्तर, किती बेरकी! गव्हाच्या आधी जागा बघायला आलं होतं."

16 ते 22 ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेला आणि अप्पांना ते ठाऊक असतं. त्या आठवड्यात सूचनाफलकावर पाणीकपातीची नोटीस झाकून त्यांचा हाताने लिहिलेला कागद लागतो. एका वर्षी तर ते श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून त्यातून मेक्सिकन भुंगे घेऊन आले. हे भुंगे 1984 साली बंगळुरात पहिल्यांदा सोडले गेले आणि ते खरोखरच गाजरगवताची पानं फस्त करतात. त्यांनी आमच्याकडेही पट्ट्याचा एक कोपरा चाळणीसारखा केला. मग थंडी आली आणि सगळे मातीत जाऊन झोपले, ते पुढच्या पावसापर्यंत. "हेही सरकारी निघाले," अप्पा म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी तक्रारीचा मार्ग धरला. उद्यानवाल्यांनी सांगितलं, झाड असेल तर आमचं, गवत आमचं नाही. रस्तेवाले म्हणाले, आमचं डांबरापर्यंत. घनकचरावाल्यांचं म्हणणं सगळ्यांत शास्त्रशुद्ध होतं: उभं असेल तर ते गवत, उपटून ढीग केलात की कचरा; मग आमचं. अप्पांनी ढीग केला. तो आठ दिवस तिथेच वाळला आणि त्याचं बी तिथेच सांडलं. यंदा त्यांनी जूनमध्येच ॲपवर तक्रार टाकून ठेवली.

मात्र अप्पांचं वैर सरसकट सगळ्या हिरव्याशी नाही. त्यांच्या पट्ट्यात टाकळ्याला मुक्त प्रवेश, कारण तो दाट उगवला की गाजरगवताला वाढू देत नाही. शिवाय त्याची भाजी होते. केणा भज्यांसाठी. आघाडा आणि हरळी यांना तर विटांचं कुंपण. हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी बायका पत्रीला येतात, तेव्हा अप्पा खुर्ची टाकून बसतात आणि रेशनच्या दुकानासारखं वाटप करतात. "काकू, आघाडा दोनच. दूर्वा चतुर्थीला सकाळी, ताज्या."

यंदा त्याच दिवशी दुपारी घर्र आवाज आला. दोघांनी हिरवी जाळी धरलेली, गॉगल लावलेला मशीनवाला खांद्यावरचं यंत्र फिरवत पुढे. अप्पा बनियनवर धावत खाली गेले, तोवर विटांच्या आतलंही साफ झालं होतं. टाकळा, केणा, आघाडा, हरळी, सगळं एका पातळीवर. गाजरगवताची मात्र इंचभर खुंटं शाबूत, म्हणजे पंधरवड्यात पुन्हा फुटायला मोकळी.

"अरे, ह्या दूर्वा होत्या!"

"आजोबा, हिरवं दिसता कामा नये अशी ऑर्डर आहे."

"कुणी केली तक्रार?"

मुकादमाने मोबाइल पुढे केला. अप्पांनी चष्मा नीट करून स्वतःचंच नाव दोनदा वाचलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातही टिंग वाजलं: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

चतुर्थीला सकाळी मंडईत दूर्वांची जुडी वीस रुपयांना होती. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा गवत विकत घेतलं. घरी येऊन त्यांनी दोरा सोडला, दूर्वा ताटात पसरल्या आणि एकेक तिपानी निवडू लागले. मी आरतीला म्हणून गेलो होतो. अप्पा मधेच थांबले. दूर्वांच्या बुडख्यातून त्यांनी दोन बोटांनी एक कातरलेलं, कोथिंबिरीसारखं इवलं पान ओढून काढलं, उजेडाकडे धरलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ब्रेड संपला का? पिशवी दे!"