विजेच्या उंटावरचे शहाणे

पोट आत नेणारा थरथरता पट्टा घ्यावा की टाच सांभाळणारी जाड तळाची चप्पल, हा प्रश्न आरोग्याचा असता तर केव्हाच सुटला असता. तो आरशाचा आहे. आपल्याकडचा कपाटाचा आरसा बहुधा गुडघ्यांपाशी संपतो. त्यात पोट दिसतं, दंड दिसतात, हनुवटीखाली बस्तान बसवलेली दुसरी हनुवटी दिसते. पाऊल दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यासाठी माझ्यासारख्या मिरवखोर माणसाचा हात खिशात जात नाही. प्रत्येकी 26 हाडांची ती दोन पावलं दिवसभर अख्खा देह वाहतात, पण देहाच्या कारभारात त्यांना मताचा अधिकार नाही.

यंत्राकडून व्यायाम करवून घ्यायची हौस टेलिशॉपिंगवाल्यांनी लावली असं कोणी म्हणेल, तर ते खरं नाही. स्वीडनच्या डॉ. गुस्ताव झांडर यांनी 1865 मध्ये स्टॉकहोमला आपली संस्था काढली, तिथे यंत्रंच माणसाला हलवत, रगडत, चोळत. त्यांचा हेतू उपचाराचा होता. हौशी मंडळी मागाहून आली. 1912 च्या ‘टायटॅनिक’वरच्या व्यायामशाळेत तर विजेवर चालणारा घोडा होता आणि शेजारी विजेवर चालणारा उंट. घोडा मी समजू शकतो. पण उत्तर अटलांटिकमध्ये, हिमनगांच्या वाटेवर, उंट? जहाज न्यूयॉर्ककडे निघालंय, उंट जागच्या जागी डुलतोय आणि वर बसलेले गृहस्थ आपली कंबर घटतेय या समाधानात. उंटावरच्या शहाण्याला याहून चांगला उंट मिळाला नसता. त्या व्यायामशाळेत मीही आधी उंटाच्याच रांगेत उभा राहिलो असतो, हे मला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक आहे.

यावर पट्टेवाल्यांचा एक आक्षेप रास्त आहे: विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू खरोखर आकसतो, फिजिओथेरपिस्टसुद्धा ते वापरतात. वापरतात, पण शस्त्रक्रियेनंतर किंवा अर्धांगवायूनंतर निपचित पडलेल्या स्नायूला जागं करायला, तेही रुग्णाकडून व्यायाम करवून घेता घेता. चिवडा खात मालिका बघणाऱ्याची ढेरी उतरवायला नव्हे. उपास दुसऱ्याने करावा आणि पुण्य आपल्या खात्यावर जमा व्हावं, तसला हा हिशेब. 2002 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या तीन पट्ट्यांच्या जाहिरातींवर कारवाई केली, ती याच दाव्यांसाठी.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, पट्टा आणि पादत्राण एकत्रच का करू नये? तळ मुद्दाम डळमळता ठेवायचा, म्हणजे तोल सावरताना स्नायू आपोआप घडतील. रीबॉकच्या ‘ईझीटोन’ने नितंबांच्या स्नायूंना 28 टक्के जादा फायदा जाहीर केला. 28! तीस म्हटलं असतं तर मी शंका घेतली असती. 28 म्हटल्यावर कोणीतरी मोजलं असणार असं वाटतं. 2010 मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझने करवून घेतलेल्या चाचणीत साध्या बुटांपेक्षा काही विशेष फरक आढळला नाही. 2011 मध्ये रीबॉकने अडीच कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं, पुढच्या वर्षी स्केचर्सने चार कोटी. स्केचर्सच्या जाहिरातीत ज्या कायरोप्रॅक्टरच्या अभ्यासाचा हवाला होता, त्याची पत्नी कंपनीच्याच मार्केटिंग विभागात अधिकारी होती, असं फेडरल ट्रेड कमिशनचं म्हणणं. प्रमाणपत्र घरचंच!

आरामदायी चपलांचे विक्रेतेही कमी बोलत नाहीत, हे मान्य. पाऊल सपाट असून दुखत नसेल तर कमानीच्या आधाराची गरज असतेच असं नाही. पण चांगल्या बुटाची परीक्षा दुकानातच करता येते: तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये, टाचेशी घट्ट असावा, बोटांपुढे अंगठाभर जागा असावी, आणि खरेदी संध्याकाळी करावी, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पट्ट्याची अशी परीक्षा घेता येत नाही, तो कायम पुढच्या महिन्याचा वायदा करतो.

आणि ज्या ‘एमसीआर’ (मायक्रोसेल्युलर रबर) चपलेला आपण म्हातारपणाचं लक्षण समजून नाक मुरडतो, तिच्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातलं डॉ. पॉल ब्रँड यांचं काम आहे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलाला दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जागेवर भार टाकत चालत राहतो आणि तिथे जखम चिघळते. तो दाब सगळ्या तळव्यावर पसरावा म्हणून ते मऊ, बारीक छिद्रांचं रबर पायाखाली आलं. आज मधुमेहींचे पाय त्यावर सांभाळले जातात. ज्यांच्याकडे बघायलाही लोक तयार नव्हते, त्यांच्या पायांकडे कोणीतरी इतकं निरखून बघितलं होतं.

माझी तक्रार उरते ती रंगाची. ही चप्पल तपकिरी किंवा काळीच का? दुकानात ती सगळ्यात खालच्या फळीवर का, आणि मागितली की “आईंसाठी हवीय का?” हा प्रश्न का? कोणीतरी तिला कोल्हापुरीचा घाट द्यावा, वर लाल गोंडा लावावा. पाचशे रुपये जास्त मोजायची माझी तयारी आहे, पट्ट्याचे वाचलेत.