धोंड्याचे वाण आणि लाल पट्ट्याची लेन्स

लंडन,
अधिक ज्येष्ठ, २०२६

तीर्थस्वरूप आबाकाकांस बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपले कृपापत्र पावले. आपल्या पत्राने चित्त सद्गदित व्हावे असा आजवरचा परिपाठ. परंतु या खेपेस ते भयभीत झाले, कारण सौ.ने काकूंस फोनवर जी हकीकत सहज सांगितली आणि काकूंनी जी आपल्या स्वभावधर्मानुसार किंचित पल्लवित करून आपल्या कानी घातली, तिच्या आधारे आपण माझ्यावर असा आरोप ठेवला आहे की, श्वशुरांनी धोंड्याच्या वाणाखातर पाठविलेल्या रकमेची अफरातफर करून मी एक पांढरे नळकांडे विकत घेतले, आणि तेही तसलेच काळे नळकांडे घरात धडधाकट असताना. महाडच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्यांनी उभी हयात काढली त्यांच्यापुढे तोंडी सबब टिकत नाही, हे मी लहानपणापासून जाणून असल्यामुळे बयाजवार लेखी खुलासा सादर करीत आहे. तो वाचून योग्य तो हुकूम व्हावा.

प्रथम रकमेविषयी. अधिक मासात जावयास तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा द्यावा, हा पोलादपूरच्या श्वशुरांचा आग्रह. पैकी अनारसे समुद्रापार सगळे शाबूत पोचण्याचा संभव नाही आणि दिव्यावर कस्टमवाल्यांची वक्रदृष्टी पडेल, अशा दुहेरी धास्तीने त्यांनी रोख पाठविली. तिचा विनियोग कसा करावा याविषयी घरात दोन दिवस खल झाल्यावर सौ.ने निकाल दिला तो असा की, चांदीचा दिवा आणला तर तो घासण्याचे काम तिच्याकडे येईल, लेन्स आणली तर ती पुसण्याचे काम माझ्याकडे राहील, सबब लेन्सच आणावी. तेव्हा अफरातफर झालीच असेल तर ती वरिष्ठांच्या लेखी नसली तरी तोंडी मंजुरीने झाली आहे. शिवाय लेन्स कोरी नव्हे. येथील एका वयोवृद्ध पक्षिनिरीक्षकाने गुडघे साथ देईनात म्हणून विकायला काढलेली आहे. किंमत मुद्दाम लिहीत नाही, कारण आपण तिचे आधी रुपये कराल, नंतर ते रुपये आपल्या पहिल्या पगाराशी ताडून पाहाल, आणि मग काकूंना रात्रभर ते ऐकावे लागेल.

आता मुख्य मुद्दा : जुनी असताना नवी कशाला? जुनी लेन्स कॅमेऱ्याच्या कंपनीची नव्हे, दुसऱ्याच एका कारखान्याची होती. अशा कारखान्यांना कमी लेखण्याची फॅशन मला मान्य नाही. टॅमरॉनची पेढी १९५० सालची, सिग्माची १९६१ सालची, दोन्ही जपानी, आणि मूळ कंपनीपेक्षा कमी दामात लांब पल्ल्याची लेन्स सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आणण्याचे पुण्य बव्हंशी यांच्याच पदरी आहे. माझीही लेन्स कोणत्या कारखान्याची हे येथे सांगत नाही, कारण तिने वर्षानुवर्षे इमानाने चाकरी केली. परंतु गेल्या डिसेंबरात सावित्रीच्या काठी काय घडले ते आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. थंडीच्या दिवसांत पात्रालगतच्या चिखलावर मगरी ऊन खात आ वासून पडतात हे महाडकरांना नवे नाही. पलीकडच्या काठावर तशीच एक पसरली होती, तिच्यापासून चार हातांवर एक बगळा निर्विकार मुद्रेने उभा होता, आणि असा योग जुळून आला असता माझी लेन्स नेमके कोणावर नजर ठेवावी याचा निर्णय न होऊन घर्र घर्र करीत पुढे-मागे घुटमळत राहिली. अखेर जे चित्र मिळाले त्यात मगर धूसर होती. बगळा ठळक होता, पण त्याच्या शुभ्र अंगाभोवती काळ्या पाण्याच्या बाजूने स्पष्ट जांभळी रेघ उमटली होती. ते पाहून काकूंनी "बगळ्याने काठापदराचे कधीपासून नेसायला घेतले?" असा जो प्रश्न भर ओटीवर विचारला, त्यानंतर त्या लेन्सचे आणि माझे संबंध पूर्ववत राहिले नाहीत. त्यात रायगडच्या पायऱ्या चढताना गळ्यात अडकविलेल्या त्या लेन्सचे नळकांडे आपल्याच वजनाने खाली घसरून लांब होई, आणि बरोबरची पोरे तेवढ्यासाठी माझ्या पुढे चालत.

जांभळ्या रेघेचे कारण असे की, निरनिराळ्या रंगांचे किरण काचेतून जाताना सारखेच वळत नाहीत आणि एका बिंदूवर येत नाहीत. पल्ला जितका लांब तितका हा बेबनाव अधिक. त्यावरचा एक नामी उतारा म्हणजे फ्लोराइट नावाच्या स्फटिकाचे भिंग. निसर्गात याचे मोठे निर्दोष खडे दुर्मिळ, म्हणून कॅननने तो भट्टीत कृत्रिम रीतीने वाढविण्याची विद्या साध्य केली आणि १९६९ पासून तो लेन्समध्ये बसवायला घेतला. मी घेतलेली लेन्स त्याच घराण्यातील, १०० ते ४०० मिलिमीटर पल्ल्याची, २०१४ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीची असून तिच्यात असे एक भिंग आहे. फ्लोराइट उन्हाने फुगते, म्हणून या लेन्सना उष्णता परतविणारा पांढरा रंग देतात. आपण म्हणता तसा तो लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून नव्हे. तोंडाशी जी तांबडी रेघ आहे ती मात्र निव्वळ डोळ्यांत भरण्यासाठीच आहे, हे मी कबूल करतो.

दुसरी अडचण आपल्या खात्यातली आहे, म्हणून ती आपणांस माझ्यापेक्षा लवकर उमजेल. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये सोनेरी टाचण्यांमधून सारखा पत्रव्यवहार चालू असतो. त्याची भाषा कंपनी बाहेरच्या कारखान्यांना सहसा सांगत नाही, त्यांना ती न्याहाळून न्याहाळून ताडावी लागते. कचेरीत बिनपगारी उमेदवार असे, सगळे दप्तर त्याला तोंडपाठ, खर्डे तोच लिही, परंतु नवा साहेब आला की "हा इसम कोण?" या एका प्रश्नावर त्याची वाट अडे, तशी गत बाहेरच्या काही जुन्या लेन्सची होते, नव्या कॅमेऱ्यावर चढविताच पडद्यावर त्रुटीचा शेरा उमटतो आणि काम बंद पडते. अलीकडे वारे थोडे पालटले आहे. सोनीने २०११ सालीच आपल्या माउंटचा, म्हणजे लेन्स जोडण्याच्या कड्याचा, तपशील बाहेरच्या कारखान्यांना खुला केला, आणि कॅननने २०२४ साली सिग्मा व टॅमरॉन यांना आपल्या नव्या माउंटसाठी काही लेन्स बनविण्याची रीतसर सनद दिली. उमेदवार कायम होऊ लागले म्हणायचे.

नव्या लेन्सचे गुण सांगितले तसे अवगुणही दप्तरी नोंदवितो. ती दीड किलोहून अंमळ जड आहे आणि घरात जवळजवळ निरुपयोगी आहे. येथील महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे; त्याच्या सभागृहात गेल्या रविवारी मुलांचा कार्यक्रम होता, तेथे मी पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरलो तरी एका वेळी मोजकीच बालके चौकटीत मावत होती. कडेच्यांपैकी कोणाचा डावा गाल, कोणाचा उजवा कान. मातृवर्गाची तकरार आली असून तिची सुनावणी पुढच्या बैठकीत आहे. तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशातही हिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. परंतु उघड्यावर, भर उजेडात, दूरच्या गोष्टीसाठी ती घुटमळत नाही, आणि सांध्यांना रबराची वेटाळी असल्यामुळे भुरभुर पावसाला दाद देत नाही.

आणि दूरच्या गोष्टीसाठीच ती घेतली आहे. पुढील वर्षी २० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पुरी होतात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सभासद बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठराव दप्तरी चढविला, आणि तो कागद तसाच पडून राहिला. १९२७ साली डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले तेव्हा त्या ठरावाची अंमलबजावणी झाली. पुढे वाद दिवाणी कोर्टात गेला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. दिरंगाईचे हे प्रकरण आपण मला शाळकरी वयात तळ्याच्या कठड्यावर बसून समजावून सांगितले होते. शताब्दीला जो जनसमुदाय लोटेल त्यात घुसून कोणाच्या तोंडापुढे कॅमेरा नाचविणे मला प्रशस्त वाटत नाही. पलीकडच्या काठावर उभे राहून, पाण्याची ओंजळ ओठांशी नेणाऱ्या म्हाताऱ्या बायांची मुद्रा त्यांच्या तंद्रीत व्यत्यय न आणता टिपता यावी, एवढाच हेतू आहे. त्याच सुमारास वीरेश्वराचा छबिनाही येईल. २०२१ च्या जुलैतील महापुराने आपल्या माळ्याखालच्या आल्बमांचा जो लगदा केला, त्यानंतर घरात महाडची म्हणावी अशी छायाचित्रे उरलेली नाहीत. तेव्हा या खेपेस दोन प्रती काढून एक पोलादपुरास, पुराच्या पाण्यापासून उंचावर ठेवावयाची आहे.

जुनी लेन्स मी विकलेली नाही. पोलादपूरच्या मेहुण्याकडे त्याच जातीचा कॅमेरा असल्यामुळे ती पुढच्या आठवड्यात येणाऱ्या एका स्नेह्यांबरोबर धाडीत आहे. प्रतापगड, कशेडीचा घाट, उमरठची तानाजीरावांची समाधी, हे सगळे तिच्या पल्ल्यात सहज बसते. मात्र ऐन पावसाळ्यात तिचे आगमन होत आहे, आणि आपल्याकडील ओलीत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते, ती एकदा आत शिरली की काचेवरील लेप खाऊन टाकते. यास्तव मेहुण्यास आपल्या अधिकारात कळवावे की, लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून लाकडी कपाटात कोंडू नये, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्या ओल्या झाल्यास वाळवाव्यात, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी उजेडात काढून वापरावी. मगरीचे चित्र काढण्यासाठी नदीकाठी खाली उतरू नये, ही ताकीदही त्यातच आपल्या सहीनिशी घालावी. माझे तो ऐकत नाही.

काकूंस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुतण्या