सोलापूरची इरकल, मुक्काम चंडीगड

सेक्टर 22, चंडीगड
जानेवारी

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. धुकं इतकं आहे की समोरचा सेक्टर दिसत नाही, पण त्याचा नंबर पाठ असल्यामुळे अडत नाही. आई, तू फोनवर विचारलंस, ‘बँकेत काय घालून जातेस गं?’ उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे कपडे धुतलेले आणि इस्त्रीचे असले की ऑफिसची तयारी झाली. इथे तिथून सुरुवात होते. सकाळी सेक्टर 17 च्या बँक स्क्वेअरमध्ये उभं राहिलं तर वाटतं, आज सगळ्यांच्याच घरी साखरपुडा आहे. मखमलीचा सूट (म्हणजे सलवार-कमीज), वर शाल, पायांत कशिद्याची जुत्ती, आणि हा सगळा थाट लोकांचे चेक वठवायला! माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण नवी ओढणी घेऊन ललारीकडे, म्हणजे रंगाऱ्याकडे जाते आणि कमीजची चिंधी दाखवून हुबेहूब तोच रंग चढवून घेते. एक छटा जरी इकडची तिकडे झाली तरी ओढणी परत पातेल्यात.

आमचे मॅनेजरसाहेब सरदारजी आहेत. त्यांची पगडी टायला जुळते, आणि पगडीखालची जी पट्टी कपाळावर त्रिकोणी डोकावते, तिला फिफ्टी म्हणतात, ती तिसऱ्याच रंगाची. रोज सकाळी एवढं लांबलचक कापड चुणी न् चुणी बसवून बांधणारा माणूस दुसऱ्याच्या चुरगळलेल्या कॉलरकडे कसा बघत असेल, विचार करा. बँकेच्या जेवणाला आमचे हे आले होते. चौकडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायमोज्यांवर सँडल. साहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, ‘घर में सब ठीक है ना जी?’

‘मी कामाला जातो, वरातीला नाही,’ असं हे घरी आल्यावर म्हणाले. पण पुढच्याच रविवारी साहेब ह्यांना दुकानात घेऊन गेले. आता आमच्या कपाटात मरून रंगाचा ब्लेझर आहे आणि तो घातला की हे मान वळवत नाहीत, अख्खेच वळतात.

मला मात्र सगळ्यांत जड गेलं ते कौतुक घेणं. सोलापुरात कुणी ‘साडी छान आहे’ म्हटलं की आपण लगेच ‘अगं, जुनीच आहे’ म्हणतो. फार आग्रह झाला तर ‘सेलमध्ये घेतली.’ जणू नवी साडी नेसणं हा गुन्हा आणि आपण जामिनावर. इथे मी ‘पुरानी है जी’ म्हटलं तर मैत्रिणींचे चेहरे पडले. इथली रीत अशी: आधी ‘थँक्यू जी’, मग दुकानाचं नाव, मग किंमत. किंमत थोडी चढवून सांगितली तरी चालते. उतरवून सांगितली तर आपलं काहीतरी बिनसलंय असं समजतात.

बाबा, तुम्हाला हा सगळा नखरा वाटेल. तुम्ही निवृत्तीपर्यंत दोन सफारींवर जिल्हा परिषद चालवलीत. पण कपड्यांवर सरकारचा डोळा दोन्हीकडे आहे हो. आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये परिपत्रक निघालं होतं ना, सरकारी कचेरीत जीन्स-टीशर्ट नको, शुक्रवारी खादी घाला म्हणून? हरियाणाने 2023 मध्ये त्याच्या वरताण केलं: सरकारी दवाखान्यांत जीन्स नको, पलाझो नको, मेकअप नको, लांब नखं नकोत आणि चित्रविचित्र केशरचनाही नको. हरियाणाची राजधानीही चंडीगडच, त्यामुळे फर्मान काढणारे याच गावात बसतात. मेकअपवर बंदी घालायला इतकं चुकीचं गाव सापडणं कठीण.

खरी दया येते ती हायकोर्टातल्या वकिलांची. उन्हाळ्यात काळा कोट नसला तरी चालतो, पण ही सवलत खालच्या कोर्टांना. हायकोर्टात जूनच्या भट्टीतही कोट हवाच. ज्या ल कॉर्बुझिएने ती इमारत बांधली, त्याने कोर्टाच्या दालनांनाही कपडे चढवले आहेत: आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर भलेमोठे रंगीत विणीचे पडदे, नक्षी त्याची स्वतःचीच. स्वतः तो बो-टाय लावून फिरायचा. गावाचं वळण बघा कुठून पडलं ते.

आता मुद्द्याचं. मागच्या सोमवारी तू दिलेली हिरवी इरकल नेसले. आतून थर्मल, वर लुधियानाचं लोकरीचं ब्लाउज (मिळतं इथे, पूर्ण बाह्यांचं, गळ्याला बटणं) आणि पायांत मोजे. बाहेरून मी ठीक दिसत होते. काउंटरची रांग थांबली. मॅनेजरसाहेबांनी पदराचा काठ लांबूनच निरखला आणि ‘बहुत जच रही है जी’ म्हणून सर्टिफिकेट दिलं. मग किंमत विचारली गेली, आणि मी इथली रीत पाळली.

तेव्हा आणखी तीन इरकली पाठव: एक काळी, एक डाळिंबी, एक तुझ्या पसंतीची. पैसे मैत्रिणी देणार आहेत. त्यांच्यापैकी कुणी फोन केला तर सहा हजार सांग. आणि फोन बाबांना उचलू देऊ नकोस. त्यांना अडीच हजार आठवतात, आणि ते घासाघीस करून घेतल्याचंही सांगतील.

तुमची,
सुनू