साडेबारा टक्के समाधी

अमेरिकेत काही हौशी मंडळी आपापल्या काउंटीतले मेलेले पुढारी शोधत हिंडतात. कोण न्यायाधीश, कोण सिनेटर, कोण शेरीफ आणि तो कुठल्या दफनभूमीत कुठल्या झाडाखाली आडवा झाला आहे, याच्या याद्या करतात. हे कळल्यापासून आम्हाला चैन पडेना. अशी यादी उरण-पनवेलची का नसावी? पुढाऱ्यांच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या मागे नाही. संख्येत तर मुळीच नाही.

यादीचा श्रीगणेशा जासईपासून करायचा हे ठरलेलंच होतं. वहीत दोन रकाने आखले, एक 'नाव', दुसरा 'मुक्काम'. पहिला रकाना झटक्यात भरला. दि. बा. पाटील, जन्म जासई, १३ जानेवारी १९२६, निधन २४ जून २०१३. पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. दुसऱ्या रकान्याशी मात्र गाडं अडलं. आपल्याकडे माणूस सरणावर जातो, राख खाडीला जाते आणि मागे उरते ती पाटी. अमेरिकेतला पुढारी मेल्यावर एका जागी स्वस्थ पडतो. आपला मेल्यावर खरा फिरतीला लागतो. आधी चौकात उभा राहतो, मग रस्त्यावर आडवा होतो, पुढे सभागृहात शिरतो आणि शेवटी अंडरआर्म क्रिकेटच्या चषकावर येऊन बसतो. आता याचा मुक्काम लिहायचा कुठला?

जिल्ह्यात मातीत खरोखर विसावलेला बडा पुढारी म्हणजे बॅरिस्टर अंतुले. २ डिसेंबर २०१४ ला ते गेले आणि आंबेत या आपल्या गावच्या मातीत गेले. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८१ साली. थोडक्यात, ज्यांनी जिल्ह्याचं नाव बदललं त्यांना हक्काची जमीन मिळाली आणि ज्यांनी जमिनीपायी हयात घालवली ते दि. बा. नावासाठी ताटकळत राहिले. नियतीला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतो?

बाकी महाराष्ट्रात समाधीची सोय चोख आहे. कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण आहेत. दर २५ नोव्हेंबरला तिथे सगळे पक्ष हात जोडून उभे राहतात आणि सुसंस्कृत राजकारणाबद्दल एवढं बोलतात की वर्षाचा कोटा त्या सकाळीच संपतो. परळीजवळ गोपीनाथगड आहे. तिथे स्मरणाबरोबर शक्तीचं प्रदर्शनही होतं. मुंबईत शिवाजी पार्कावर शिवसेनाप्रमुखांचं स्मृतिस्थळ आहे आणि तिथे कोणत्या शिवसेनेनं कितीला यायचं याची काळजी पोलिसांनाच जास्त असते. सोय चोख असण्याचं कारण साधं आहे, तिथे जमीन आहे. जासईला जमीन होती.

ती कुठे गेली हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. १९७० साली सिडको जन्मली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा नकाशा पसरला. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. मोबदला हातात पडला तो बघून लोक दि. बां.च्या मागे उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले, चिर्ल्याचे, धुतूमचे, पागोट्याचे. त्याच वर्षअखेर देशभर काँग्रेसची लाट उसळली होती, तरी कुलाब्यातून शेकापचे दि. बा. लोकसभेवर गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना निघाली. म्हणजे शंभर गुंठे घ्यायचे आणि त्यातले साडेबारा परत द्यायचे. हेही पुरते नाहीत. सामाजिक सुविधांसाठी त्यातले पावणेचार कापून हातावर ठेवायचे पावणेनऊ. गणित इथल्या मुलांना कठीण जात नाही त्यामागे हा कौटुंबिक सराव आहे.

आज चिर्ल्याला अटल सेतू उतरतो. जानेवारी २०२४ पासून एकवीस-बावीस किलोमीटरचा पूल ओलांडून मुंबईकर गाडीतून येतात आणि काच खाली न करताच विचारतात, 'इथे काय भाव चाललाय?' अशा भावाच्या मुलखात एखाद्या पुढाऱ्यानं समाधीसाठी पाच गुंठे अडवणं म्हणजे उघड उधळपट्टी. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर एका आजोबांना आम्ही यादीचा बेत सांगितला. त्यांनी बशी खाली ठेवली. 'आरं, गावान लग्नाचा मांडव टाकाला जागा नाय उरली, न् तू मेलेल्यांना जागा बगतंस?' पुढे त्यांनी आमच्या वहीकडे पाहून विचारलं, हा सर्व्हे कसला, पुन्हा काही घेणार आहेत का? नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. या भागात वही घेऊन आलेला माणूस काही द्यायला आलाय, असं अजून घडलेलं नाही.

राहिला नावाचा प्रश्न. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये लोकांनी मानवी साखळी केली आणि पाठोपाठ २४ जूनला, त्यांच्या पुण्यतिथीला, बेलापुरात सिडकोवर धडकले. मग सरकारांमध्ये चढाओढ लागली. २९ जून २०२२ ला ठाकरे मंत्रिमंडळानं ते नाव मंजूर केलं आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नव्या सरकारनं तो निर्णय बेकायदा ठरवला आणि १६ जुलैला तोच निर्णय कायदेशीररीत्या पुन्हा घेतला. एकाच माणसाचं सतरा दिवसांत दोनदा बारसं! तेही दोन वेगळ्या आत्यांनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा पाळण्यावर नाव नव्हतंच. फाईल दिल्लीत होती. उलव्याचा अख्खा डोंगर कापून सपाट करता आला, नदीचा प्रवाह वळवता आला, गावंच्या गावं उचलून दुसरीकडे नेता आली, फक्त पाटीवरची अक्षरं तेवढी जड निघाली.

पाटीचं राहू द्या, बॅनरचं पाहा. जानेवारी उजाडला की जासईच्या फाट्यावर बॅनर चढतात. १३ ला जयंती, १६ ला हुतात्मा दिन, म्हणजे एकाच फ्लेक्सवर दोन कार्यक्रम भागतात. मधोमध दि. बा. असतात, पासपोर्टच्या मापाचे. त्यांच्या उजवीकडे भावी आमदार, डावीकडे भावी नगरसेवक, खाली शुभेच्छुकांची लग्नाच्या वऱ्हाडाएवढी गर्दी, त्यातले दोघे गॉगल लावून. हुतात्मे तळाच्या पट्टीत. पावसाळ्यापर्यंत कोणी तो उतरवत नाही. मग शुभेच्छुक ताडपत्री म्हणून कुणाच्या तरी रेतीवर जातात. चिरनेरला तरी वेगळं काय? १९३० च्या जंगल सत्याग्रहात तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी आठ जण पडले. आता दर २५ सप्टेंबरला पोलिसांचीच तुकडी मानवंदना देते. सरकारी रिवाजात ही प्रगतीच म्हणायची.

तेव्हा यादीचा नाद सोडून आम्ही थेट उपाय काढला आहे. साडेबारा टक्क्यांच्या धर्तीवर 'साडेबारा टक्के समाधी योजना'. मसुदा पुढीलप्रमाणे.

तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्यानं हयातीत जेवढी जमीन मिळवली असेल, तिच्या साडेबारा टक्के जागा त्याला समाधीसाठी मिळेल. त्यातून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातील. जागा मालकीची नसून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असेल. साठ वर्षांनी पुढारी कुणाच्या आठवणीत असल्यास नूतनीकरण, नसल्यास भूखंड ताब्यात. पक्ष बदलल्यास समाधीही बदलली असं धरून हस्तांतरण शुल्क आकारलं जाईल. वर्षातून दोनदा बदलणाऱ्यांसाठी पास काढता येईल. ज्याची जमीन गेली त्याच्याकडून वारस दाखला मागतात, ज्याचं राजकारण चालतं त्याच्याकडून मात्र तो मागितला जाणार नाही, कारण वारस आधीच तिकीट घेऊन उभा असतो. वाढीव चटईक्षेत्र हवं असल्यास समाधीखाली गाळे काढावेत. मोक्याच्या म्हणजे विमानतळाच्या बाजूच्या भूखंडांसाठी सोडत निघेल. उंचीची मर्यादा विमानतळाची असल्यामुळे पुतळ्याचा हात वर असल्यास तोही मोजला जाईल.

दि. बां.चं नाव या योजनेत नाही, हे आमच्या आधी त्या आजोबांनीच ओळखलं. त्यांच्या नावे मिळवलेली जमीन काढायला गेलो तर सगळी दुसऱ्यांचीच निघते.

मसुदा आम्ही काही विद्यमान लोकप्रतिनिधींना दाखवला. कल्पना सर्वांना एकमतानं आवडली, आणि उरण-पनवेलात सर्वपक्षीय एकमत नेहमी जमिनीवरच होतं. हरकत फक्त एका कलमावर आली. अर्जदारानं पेन्शनरांप्रमाणे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला जोडावा, असं आम्ही लिहिलं होतं. एक ज्येष्ठ नेते यावर फारच नाराज झाले. प्रतिज्ञापत्र चालेल का, त्यांनी विचारलं. दाखल्यासाठी मतदारसंघात यावं लागेल ना.