सोळा घोडे आणि एक शटर

लाकडांच्या दरबारात सागवानाची बैठक पहिली, हे कोणी फर्मान काढून ठरविलेले नसले तरी सर्वमान्य आहे. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला शिसव आणि अक्रोड विराजमान होतात, मागच्या रांगेत आंबा नि जांभूळ अंग चोरून बसतात, आणि पार दाराशी, जेथे जोडे काढून ठेवतात तेथे, एमडीएफ नामक एक इसम कोणाच्याही शिफारशीवाचून उभा असतो. लाकडाचे तंतू अलग करून, त्यांत कृत्रिम राळ कालवून, उष्णता आणि दाब यांच्या बळावर ज्याची फळी सिद्ध केलेली असते, त्या या इसमाला ना रेषा, ना गाठ, ना गंध. पाण्याचा स्पर्श होताच फुगून बसणे एवढाच काय तो त्याचा स्वभाव. परंतु स्वतःचे रूप नसल्यामुळेच त्याला दुसऱ्याचे कोणतेही रूप बिनतक्रार बहाल करता येते, आणि हे रूप बहाल करण्याचा विधी स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाच्या निमित्ताने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात मला साद्यंत पाहावयास मिळाला.

आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे पडले की, कपाटांची दारे अक्रोडी रंगाची हवीत, त्यांवर खोबणीची नक्षी हवी, आणि कडेला जोड म्हणून कोठेही दिसता कामा नये. आता सनमायका हा पदार्थ कितीही टिकाऊ असला तरी वृत्तीने सपाट. कड आली की तो थांबतो, वेगळी पट्टी मागतो, आणि खोबणीत उतरण्याचे तर नावच काढीत नाही. पीव्हीसीची फॉइल, जिची जाडी सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, ती मात्र तापविली की मवाळ होते आणि दाराचा दर्शनी भाग, चारही कडा व मधल्या खोबण्या एकाच अखंड वस्त्राने झाकून टाकते. अशा दारांना या धंद्यात मेम्ब्रेन शटर म्हणतात. मी विसार देऊन मोकळा झालो आणि काम पाहण्याची परवानगी पदरात पाडून घेतली. मुंबईहून आलेले मेहुणे, ज्यांना दुसऱ्याच्या खर्चाची देखरेख करण्याची जन्मजात हौस आहे, तेही बरोबर आले.

गाळ्यातला मिस्त्री मितभाषी आणि कमालीचा सोवळेकरी निघाला. 18 मिलिमीटर जाडीची, पाठीमागून आधीच पांढरी केलेली फळी घेऊन त्याने तीवर राउटर फिरविला, खोबण्या कोरल्या आणि सर्व कडा किंचित गोल केल्या. कारण धारदार कडेवर फॉइल ताणून पातळ होते आणि पुढेमागे फितुरी होते ती तेथूनच. मग पॉलिश पेपर, मग हवेचा झोत, मग स्प्रे-गनने मारलेला पातळ ग्लू, जो कडांना दोनदा द्यावा लागतो. हा ग्लू वाळला की हाताला चिकटतसुद्धा नाही. त्याची झोप उष्णतेनेच मोडते. या झोपेच्या काळात धुळीचा एक कण जरी त्यावर बसला, तरी फॉइलखालून तो जन्मभर टेंगूळ होऊन डोके वर काढतो, आणि फॉइल चकचकीत असेल तर त्याची कीर्ती पार दिवाणखान्यापर्यंत पोहोचते. नेमक्या याच वेळी मेहुण्यांना शिंक आली. मिस्त्री काही बोलला नाही; त्याने फक्त ती फळी उचलून बाजूला ठेवली आणि आम्हां उभयतांना दाराबाहेरची जागा दाखविली, जेथून उर्वरित समारंभ आम्ही मान लांब करून पाहिला.

यंत्राच्या मेजावर फळ्या थेट ठेवीत नाहीत. त्यांच्याखाली आकाराने थोडे लहान ठोकळे देतात, म्हणजे फॉइलला कडेवरून खाली वळावयास वाव राहतो. वरून फॉइल अंथरून चौकट बंद झाली, हीटर लाल झाले, आणि पाहता पाहता ते ताठ प्लास्टिक ओल्या पंच्यासारखे सैल पडले. मग पंपाने खालची हवा काढून घेताच ते सर्वांगाने फळ्यांना असे बिलगले की, क्षणापूर्वी जेथे नुसती चादर दिसत होती तेथे आमच्या कपाटांची नक्षीदार दारे रेखीवपणे उमटली.

मेहुण्यांनी लगेच मत दिले की, पंपाची ओढ जबरदस्त आहे. वस्तुतः पंप काहीच ओढीत नसतो. तो खालच्या हवेला केवळ रजा देतो, आणि वरचे वातावरण, जे एरवी आपल्या सर्वांच्या डोक्यावर विनावेतन बसलेले असते, ते आपला सगळा भार टाकते. टॉरिचेल्लीने 1643 साली पाऱ्याच्या नळीत या भाराचे माप दाखविले, आणि माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिके याने 1657 साली दोन पोकळ अर्धगोल जुळवून, आतली हवा उपसून, एकेका बाजूस आठ याप्रमाणे सोळा घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सुटेनात. (नगराध्यक्षाने स्वतः तयार केलेल्या पंपाने भरचौकात काही करून दाखवावे आणि ते यशस्वी व्हावे, हा भाग आमच्याकडील वाचकांस दंतकथेसारखा वाटण्याचा संभव आहे.) साठ गुणिले सत्तर सेंटिमीटरच्या एका दारावर हा भार साडेतीन-चार टन भरतो. हा हिशेब मी सांगताच मेहुण्यांनी एक हरकत उपस्थित केली: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, म्हणजे येथली हवा विरळ, तेव्हा हेच शटर मुंबईत केले असते तर सहा-सात टक्के अधिक दाब फुकटात मिळाला असता. हरकत शास्त्रशुद्ध होती, आणि तेच तिच्यातले मोठे दुःख.

दारे बसली, आणि घरात प्रथमच अक्रोडाचे वन उभे राहिले. मात्र त्या वनातील प्रत्येक वृक्षाला एकाच उंचीवर, एकाच आकाराची, रुसलेल्या डोळ्यासारखी दिसणारी गाठ आहे. छपाईच्या रुळाचा घेर संपला की तेच झाड पुन्हा उगवते, त्याला इलाज नाही. मला स्वतःला ही गाठ आवडते; निसर्ग जे काम सैलपणे करतो, ते तिने शिस्तीत आणले आहे. तक्रारीला जागा एवढीच की, गॅसशेजारच्या दाराला उष्णतेने ग्लूची झोप पुन्हा मोडण्याचे भय असते, म्हणून त्यात हार्डनर घातल्याचे मिस्त्रीने छातीवर हात ठेवून सांगितले आणि शेगडी हातभर दूर सरकविण्याची ताकीदही त्याच दमात दिली.

कपाटे पाहावयास सदाशिव पेठेतून आत्याबाई आल्या. त्यांच्या घरी अस्सल सागवानी कपाट आहे, त्यामुळे नकली लाकडाविषयी त्या जे बोलतील ते ऐकून घेण्याची तयारी आम्ही सकाळपासून केली होती. त्यांनी प्रत्येक दार नखाने टोकरले, प्रत्येक गाठीशी नजर भिडविली, एका ओल्या फडक्याने एक डाग पुसून पाहिला, आणि बिजागरी आवळीत बसलेल्या मिस्त्रीला विचारले, ‘‘काय हो, आमच्या कपाटावर हे चढवता येईल का? पांढरे.’’

मिस्त्री उठून उभाच राहिला. ‘‘आजी, सागाला हे नको. ते पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सांध्यावर फॉइल फाटेल.’’

‘‘माझ्या सासऱ्यांनी आणले तेव्हापासून रोज पाहते आहे मी त्याला,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘अजून एकदाही फुगलेले नाही. तुम्ही दर सांगा.’’